चार भावांची पेटी

मनोहरराव घाटोळे यांना जगातलं काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं: "त्यात काय आहे!" गिझर बिघडला, त्यात काय आहे. शेजाऱ्याची स्कूटर सुरू होत नाही, त्यात काय आहे. असं म्हणत ते शर्टाच्या खिशातला पेचकस काढायचे आणि पेचकस निघाला की त्यांची सून मिनल त्या वस्तूला मनातल्या मनात शेवटचा नमस्कार करून घ्यायची. गिझर भंगारात गेला. स्कूटर शेजाऱ्यानं ढकलत नेली आणि पुढे तीन महिने तो यांच्याशी बोलला नाही. मनोहररावांना त्याचं कारण काही समजलं नाही.

सदर भागात मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता, 'घाटोळे फोटो अँड व्हिडिओ'. पाटीवर अजूनही व्हिडिओ कॅसेटचं चित्र. रोलच्या काळात मनोहरराव फार नावाजलेले फोटोग्राफर होते असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक तेच. काळ बदलला, कॅमेरे बदलले, मनोहररावांनी मात्र बदलायची गरज कधी मानली नाही. ज्ञान एकदाच मिळवायचं असतं आणि ते आपण एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मिळवून मोकळे झालो, अशी त्यांची समजूत. मुलगा सुशील शहाणा निघाला. त्यानं बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी धरली आणि बायको बापाच्या ताब्यात दिली.

मिनल वर्ध्याची. व्हिडिओ एडिटिंग रीतसर शिकून आलेली. लग्न ठरताना मनोहरराव पाहुण्यांना म्हणाले होते, "पोरगी कामाची आहे." त्या वाक्याचा अर्थ तिला पहिल्याच सीझनला कळला. शूटिंगला ती, एडिटिंगला ती, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायला ती. गिऱ्हाईक खूश झालं की मात्र पुढे यायचे मनोहरराव. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात. मिनलही म्हणायची, तोंडानं अगदी मऊ. मनात ती त्यांना काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी जागेची अडचण आली. लग्नांचे व्हिडिओ साठवायला कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही. मिनलनं सरळ सांगितलं, चार टीबीच्या दोन सारख्या नव्या हार्ड डिस्क घ्या. मनोहररावांनी एक घेतली. दुसरी कशाला, म्हणाले, घरात पडलेल्या आहेत ना. आणि ते कामाला लागले. स्टुडिओच्या जुन्या मशिनातून दोन टीबीची काढली. सुशीलच्या बंद पडलेल्या लॅपटॉपातून एक टीबीची काढली. चौथी आली कामठीहून. त्यांचा धाकटा भाऊ रुपराव, त्याचं तिथं हार्डवेअरचं दुकान. दुकानातला सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा डबा त्यानं नवा घेतला होता, म्हणून जुन्या डब्यातली डिस्क मोठ्या कौतुकानं मोठ्या भावाला दिली. अर्ध्या टीबीची. सहा वर्षं रात्रंदिवस दुकानाचं शटर आणि समोर बसणारा एक सांड यांचं चित्रीकरण करून ती पार थकून गेली होती. सुरू केली की आतून 'कट्… कट्' असा आवाज यायचा.

"ही नको, मामाजी," मिनल म्हणाली. "हिचा आवाज ऐका."

"काहून? जुन्या घड्याळीचा आवाज नाही येत? चालते ना घड्याळ?"

चारही डिस्क एका जुन्या पेटीत बसवून त्यांचा एकच मोठा साठा करायचा, असा त्यांचा बेत होता. त्याची रीत त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून शिकून घेतली होती. व्हिडिओ वीस मिनिटांचा होता, मनोहररावांनी सहा मिनिटं पाहिला. उरलेल्या चौदा मिनिटांत तो माणूस काय सांगत होता ते मिनलला ठाऊक होतं, कारण ती कॉलेजात तेच शिकली होती.

तिनं हात पुसले आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. "मामाजी, या पद्धतीत एक लग्न चौघीत कापून वाटलं जाते. पहिला तुकडा हिच्यात, दुसरा तिच्यात, तिसरा तिसरीत. म्हणून काम झटपट होते, ते खरं आहे. पण एक जरी मेली तं बाकी तिघीत जे राहते तो नुसता चुरा. कोणाचंच काही हाती लागत नाही."

"काहून वं, घरात चार भाऊ राहत नाहीत एकत्र? एक बसला तं बाकीचे त्याले सांभाळत नाहीत का?"

"माणसं सांभाळतात. डिस्क नाही सांभाळत. त्यापरीस दोन सारख्या घ्या. एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर लिहून ठेवू. एक गेली तं दुसरी राहते."

"म्हणजे एक नुसती बसून खाईन?" मनोहरराव हसले. "आपल्या घरात फुकटचं कोणी बसत नाही, बाई."

हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मिनल सकाळी सहापासून उभी होती. शेवटचा प्रयत्न म्हणून तिनं विचारलं, निदान रुपरावकाकांची तेवढी तरी बाजूला ठेवाल का.

"वा! आणि उद्या रुपराव आला आणि त्यानं इचारलं, भाऊ, माह्यी कोणती, तं काय सांगू? त्याले काय वाटंन?"

इथं वाद संपला. घाटोळ्यांच्या घरात हा कायदाच होता. वस्तू कामाची आहे का हे कुणी पाहायचं नाही, ती कुणी दिली ते पाहायचं. साडू नाराज होतो म्हणून त्याच्या तोंडचं बेसूर भजन दर गणपतीत ऐकायचं आणि भाऊ दुखावतो म्हणून मरायला टेकलेली डिस्क धंद्याच्या पोटात घालायची. अशी माणसं जपण्यात अख्खं आयुष्य गेलेल्या मनोहररावांनी सुनेला काय वाटतं हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

खंडेनवमीला पेटीची पूजा झाली. कॅमेरे, तिपाया आणि लाइट यांच्या रांगेत मधोमध ती पेटी, वर झेंडूचा हार, हळदीकुंकू. झाकण लागत नव्हतं म्हणून वरून दोरी. मनोहररावांनी तिला नावही ठेवलं, 'चार भाऊ'. मग कॉम्प्युटर सुरू केला, तर साडेसात टीबीच्या चार डिस्क मिळून जागा दिसत होती फक्त दोन टीबी.

"हे काय गा?" ते कॉम्प्युटरलाच म्हणाले.

मिनलनं खुलासा केला. वाटणी सारखी असते. सगळ्यात लहान जितकं उचलेल तितकंच बाकीच्यांनी उचलायचं. रुपरावकाकांच्या डिस्कचा अर्धा टीबी, म्हणून प्रत्येकीचा अर्धाच. एकट्या नव्या डिस्कवर याच्या दुप्पट जागा होती.

मनोहररावांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कंपन्या लेकाच्या डब्यावर एक लिहितात, आत देतात दुसरंच." आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात. इथं तर बैल चार होते, आणि तिघांना चौथ्याच्या चालीनं चालायचं होतं.

पेटी पळायची मात्र झकास. मोठमोठ्या फाइली भराभर उतरायच्या. मनोहरराव आल्यागेल्याला ते दाखवायचे. दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक बसलं असताना म्हणाले, "आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं मी पाहतो. सून बसते नुसती कात्री चालवत."

मिनल तिथंच बसली होती. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तिची स्वतःची एक लहान डिस्क होती, लग्नात बापानं दिलेली. दोन वर्षं ती प्रत्येक लग्नाची एक कॉपी कुणाला न सांगता तीत ठेवत आली होती. लग्न गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की पुसायची, पुढचं ठेवायची. त्या लहानशा डिस्कनं घाटोळ्यांची अब्रू तीनदा वाचवली होती. तिन्ही वेळा मनोहररावांनी पेचकस हातात घेऊन सांगितलं होतं, "पाह्यलं? आणलं ना वापस!" कात्रीचं ते वाक्य ऐकलं त्या दिवशी मिनलनं कॉपी ठेवणं बंद केलं. खाऊ दे एकदा चांगली आपटी, तिनं ठरवलं. उंटावरून उतरल्याशिवाय या माणसाला जमीन दिसायची नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी कामठीला उन्नतीचं लग्न होतं. उन्नतीचे वडील ओमप्रकाश पॉवरलूमवर साड्या विणायचे. तीस वर्षं त्या मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. माणूस लाजाळू. फोटो काढायचा म्हटलं की खांबाच्या आड. हळदीच्या सकाळी बायका आत नवरीला उटणं लावत होत्या, पुरुष चहाला गेले होते आणि अंगणात लाउडस्पीकरवर गाणं वाजत होतं. मिनल कॅमेरा घेऊन एकटी उभी होती. ओमप्रकाश हळदीचं ताट ठेवायला आले, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ते नाचायला लागले.

नाच कसला, हातमागाच्या पायपट्टीवर पाय टाकावे तसे दोन्ही पाय आळीपाळीनं, हात वर, डोळे मिटलेले. गाणं संपलं. त्यांना ऐकूच आलं नाही. शांत अंगणात तो माणूस आणखी दीड मिनिट नाचत राहिला. मग डोळे उघडले, समोर कॅमेरा दिसला आणि हळदीनं भरलेल्या हातांनी तोंड झाकून ते हसले. सगळी मिळून चार मिनिटं. इतक्या लग्नांत मिनलनं कॅमेऱ्यामागे डोळे पुसल्याचं हे पहिलंच. आत जाऊन तिनं उन्नतीला सांगितलं, "तुझे बाबा काय नाचले वं! दाखवीन तुले."

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं सगळं शूटिंग पेटीत उतरवलं. पेटी कट् कट् करत होती. मिनलनं ड्रॉवर उघडला, लहान डिस्ककडे पाहिलं आणि ड्रॉवर बंद केला. कॅमेऱ्याची कार्डं पुसली, कारण पुढचं लग्न परवावर होतं.

सतरा दिवसांनी ओमप्रकाश मागाजवळच बसले ते उठले नाहीत. हार्ट अटॅक.

त्यानंतर आठवड्यानं उन्नतीचा फोन आला. शुक्रवार होता. "ताई, फोटो आहेत माह्याजवळ, पण फोटोत बाबा उभेच आहेत. बाकी लग्न कधीही द्या, ते नाचाचं तेवढं आधी द्या. मी आत होती, मले नाही पाहता आलं."

"देते वं. सोमवारी देते," मिनल म्हणाली. शनिवार-रविवार तिला मनीषनगरच्या एका लॉनवर लग्न होतं. फोन ठेवल्यावर ड्रॉवरचा विचार तिच्या मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तेवढा नाच लहान डिस्कवर उतरवून घेणं पाच मिनिटांचं काम होतं. सोमवारी करू, म्हणाली. सासऱ्याचा आळस आणि सासऱ्याचा ताठा यांना नावं ठेवता ठेवता दोन्ही तिच्याच घरी मुक्कामाला आले होते, पण दुसऱ्याचं कुसळ शोधणाऱ्याला ते कुठून दिसणार?

सोमवारी सकाळी पेटी सुरू केली. कट् कट् झालं, मग नुसतं कट्, मग काहीच नाही. पडद्यावर चार डिस्कपैकी तीन दिसत होत्या. साठा शून्य. जागाही शून्य, लग्नंही शून्य.

"त्यात काय आहे!" मनोहररावांनी पेचकस काढला.

आधी त्यांनी विजेला शिव्या दिल्या. मग सुनेला विचारलं, तू काही नको ते दाबलं का? मग कुठंतरी वाचलेलं आठवून रुपरावांची डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. सासूबाई शोभाताईंनी संध्याकाळी सोललेले मटार शोधताना ती बाहेर काढली आणि बेसिनपाशी ठेवून दिली. डिस्क ओली झाली का कोरडी राहिली, याचा मोठा वाद झाला. ती तोवर मेलेलीच होती, त्यामुळे वादाला काही अर्थ नव्हता. मिनल तो तमाशा पाहत उभी होती. खोटं कशाला बोला, तिला आतून गुदगुल्या होत होत्या. उन्नतीचा चेहरा डोळ्यांपुढे आला की त्या थांबायच्या. पेचकस दिसला की पुन्हा सुरू.

शेवटी सदरमध्येच डिस्कमधला मजकूर काढून देणारा एकजण होता त्याच्याकडे दोघं गेले. त्यानं डिस्क उघडून भिंगातून पाहिली. आतल्या तबकडीवर गोल ओरखडा पडला होता, नखानं काढावा तसा. ही गेली, तो म्हणाला.

"बाकी तीन तं धडधाकट आहेत ना?" मनोहरराव म्हणाले. "मंग पाऊण लग्न तरी काढून दे."

"पाऊण लग्न नाही निघत, काका. प्रत्येक सेकंदाचा चौथा हिस्सा हिच्यात होता. उरलं ते कोणत्याच कामाचं नाही." मग त्यानं जे विचारलं ते सगळेच विचारतात. "दुसरी कॉपी नाही ठेवली?"

मनोहररावांनी वळून सुनेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मिनलला वाटलं, आता खापर आपल्या डोक्यावर. ते तसेच उठून चालू लागले. पेचकस टेबलावर राहिला होता, तो घ्यायलाही विसरले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चाल, कामठीले जाऊन येऊ."

शेअर ऑटोत बसल्यापासून मिनल त्यांचं भाषण मनातल्या मनात रचत होती. वीज, कंपनी, चायनाचा माल, नशीब. ते सगळं बोलून झालं की आपण शांतपणे एकच वाक्य टाकायचं, 'मी आधीच सांगितलं होतं.' वाक्य तिनं तीन महिने घासूनपुसून ठेवलं होतं. कामठी येईपर्यंत तिनं ते तीनदा म्हणून पाहिलं.

उन्नती माहेरीच होती. घरातच असलेल्या ओमप्रकाशांच्या मागावर अर्धी विणलेली साडी तशीच होती, तिच्यावर जुनी चादर टाकलेली. उन्नतीनं पाणी आणलं. मनोहररावांनी पेला हातात घेतला नाही.

"बाई, तुह्या बाबाचा नाच माह्या हातून गेला," ते म्हणाले. "लाइटीचा दोष नाही आणि कंपनीचाही नाही. भावाचं मन राखायसाठी मी सडकी डिस्क त्यात टाकली. ही मले सांगून राहिली होती, मी आइकलं नाही. हिचा त्यात काहीच दोष नाही."

 मिनलचं वाक्य त्यांनीच बोलून टाकलं होतं, तेही असं की तिला त्याचा काहीच उपयोग उरला नाही. आता तोंड उघडायचं तर एकच गोष्ट सांगायची राहिली होती, ड्रॉवरची. ती तिनं सांगितली नाही.

उन्नती रडली नाही. बराच वेळ चादरीची कड नीट करत बसली. मग मिनलला म्हणाली, "ताई, तुमचा काय दोष? तुम्ही तं सांगतलं होतं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही एकट्यानंच पाह्यलं ना? मंग दाखवा मले. कसे नाचले?"

मिनल उठली. अंगणात आली. दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि पाय टाकायला लागली. तिला जमत नव्हतं. पाय आधी उजवा होता की डावा, तेही आठवेना. तीनशे लग्नांच्या नाचांची कापाकापी केलेली बाई कामठीच्या त्या अंगणात गाण्याशिवाय चुकत चुकत नाचत होती आणि दारात उभी असलेली मुलगी विचारत होती, "असे? असेच?" मिनल प्रत्येक वेळी हो म्हणाली.

परतीच्या ऑटोत दोघं शेजारी बसले. ऑटोमोटिव्ह चौक मागे पडल्यावर मनोहरराव रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मले वाटलं होतं, तुह्या ड्रावरात असन."

मिनलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिले ठेवत होती ना तू. मले माहीत होतं. म्हणून तं मी बिनघोर होतो."

म्हणजे तिन्ही वेळा त्यांना ठाऊक होतं, अब्रू कुणी वाचवली ते. ठाऊक असून पेचकस मिरवला, ठाऊक असून कात्रीचं बोलले. नालायक म्हातारा, तिच्या मनात आलं. आणि त्याच म्हाताऱ्यानं दुकानात त्या माणसासमोर आणि आता उन्नतीसमोर तिचं नाव झाकलं होतं.

"नव्हती ठेवली, मामाजी," ती म्हणाली. "मुद्दामच नव्हती ठेवली."

आता ते म्हणतील, त्यात काय आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते शब्द ऐकायचे होते. इंदोरा चौक येईपर्यंत तिनं वाट पाहिली. मनोहररावांनी शर्टाचा खिसा चाचपला, पेचकस तिथं नव्हता.